बेरजेत न दिसलेले मृत्यू



इ. स. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्ततेसाठी ज्यांनी झीज सोसली, त्या देशातील लोकांना जोतीरावांनी तो अर्पण केला. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्या समाजाने मांडलेल्या निवेदनाची प्रत मागविली. महाराष्ट्राचा आणि या समाजाचा संबंध असा जुना आहे. तेव्हा २०२० मध्ये करोनाची महासाथ आली त्या काळात या समाजाच्या मनाचे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय येथील श्रोत्यांना परका वाटू नये.

विषय मानसिक स्वास्थ्याचा आणि आत्महत्येचा आहे. त्याविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्येही ती नव्हती, आणि त्या न बोलण्याचीच किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

मेरीलँडमधील नोंदी

मेरीलँड हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लहानसे राज्य आहे. बाल्टिमोर हे त्याचे सर्वांत मोठे शहर. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे तीस टक्के. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडणारे फ्रेडरिक डग्लस याच राज्यात गुलाम म्हणून जन्मले होते. ५ मार्च २०२० रोजी या राज्यात आणीबाणीची स्थिती जाहीर झाली. शाळा बंद झाल्या, दुकाने मिटली, आणि माणसे घरात कोंडली गेली.

अशा वेळी आत्महत्या वाढतील, अशी भीती जगभर व्यक्त होत होती. वर्षअखेरीस देशाची बेरीज झाली तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१९ मध्ये अमेरिकेत ४७,५११ आत्महत्या नोंदल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये तो आकडा ४५,९७९ वर आला. घट सुमारे तीन टक्क्यांची होती. संकटात माणसे एकमेकांच्या जवळ येतात, सरकारी साहाय्य वेळेवर पोहोचले, अशी कारणेही सांगितली गेली, आणि त्यांत तथ्य नव्हते असे नाही.

परंतु बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी एक साधीच गोष्ट केली. राज्याच्या वैद्यकीय परीक्षकाकडील मृत्यूंच्या नोंदी घेऊन त्या वर्णानुसार वेगळ्या लावल्या, आणि २०१७ ते २०१९ या तीन वर्षांतील त्याच दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहिल्या. ५ मार्च ते ७ मे २०२० या सुमारे दोन महिन्यांत गौरवर्णीयांच्या आत्महत्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. त्याच दोन महिन्यांत, त्याच राज्यात, कृष्णवर्णीयांच्या आत्महत्या सुमारे ९४ टक्क्यांनी वाढल्या होत्या. एकीकडे जवळजवळ निम्मे, दुसरीकडे जवळजवळ दुप्पट. गौरवर्णीयांची संख्या मोठी असल्यामुळे त्यांची घट बेरजेवर पसरली, आणि दुसऱ्या समाजाची वाढ तिच्याखाली झाकली गेली.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. दोन महिन्यांचा काळ आणि एकच राज्य, म्हणजे मृत्यूंची संख्या लहान. आणि संख्या लहान असली की टक्केवारी चटकन फुगते. केवळ एवढ्या एका आकड्यावर सिद्धांत उभा करणे योग्य झाले नसते. पण शेजारून येणाऱ्या वार्ताही त्याच दिशेने बोट दाखवीत होत्या. कनेक्टिकट राज्यात टाळेबंदीच्या काळात एकूण आत्महत्या घटल्या, मात्र मृतांमधील गोरेतरांचा वाटा वाढला. जून २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने प्रौढ नागरिकांची पाहणी केली. गेल्या तीस दिवसांत आत्महत्येचा गंभीरपणे विचार केला काय, हा प्रश्न त्यात विचारला होता. गौरवर्णीयांपैकी ७.९ टक्के लोकांनी होकार दिला. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण १५.१ टक्के आणि स्पॅनिशभाषक मूळ असलेल्या समाजात १८.६ टक्के होते. अत्यावश्यक सेवेत राबणाऱ्यांमध्ये तर ते २१.७ टक्के भरले.

पुढे अनेक वर्षांचे आकडे हाती आले तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही. २०१८ ते २०२१ या काळात गौरवर्णीयांचा आत्महत्येचा दर दर लाखामागे १८.१ वरून १७.४ वर उतरला, तर कृष्णवर्णीयांचा ७.३ वरून ८.७ वर चढला. दहा ते चोवीस वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलामुलींमध्ये तो ८.२ वरून ११.२ झाला, म्हणजे तीन वर्षांत एकतृतीयांशाहून अधिक वाढ. अमेरिकेचे मूळ रहिवासी असलेल्या आदिवासी जमातींची स्थिती सर्वांत बिकट. त्यांचा दर २८.१ वर पोहोचला.

कमी दराचा भ्रम

वरील आकडे ऐकताना एखाद्या चिकित्सक श्रोत्याच्या मनात प्रश्न येईल, की ८.७ हा आकडा १७.४ च्या निम्माच आहे. मग एवढी चिंता कशासाठी? हा प्रश्न अमेरिकेतही अनेक दशके विचारला गेला, आणि त्यातूनच मोठा घोटाळा झाला. कृष्णवर्णीयांमध्ये आत्महत्येचे प्रमाण पूर्वीपासून कमी होते. आमच्या पूर्वजांनी गुलामगिरी सोसली, आम्ही सोसणारी माणसे आहोत, जीव देणे हे गोऱ्यांचे दुखणे, अशी समजूत त्या समाजाने स्वतःच जोपासली होती. तिच्यात स्वाभिमान होता, हे खरे. पण ज्याला सोसवत नाही त्याला तोंड उघडायला तिने जागाच ठेवली नाही.

डॉक्टर आणि अधिकारीही त्याच समजुतीत राहिले. ज्या समाजात हा आजार नाही असे गृहीत धरले जाते, तेथे तो शोधला जात नाही, आणि शोधला गेला नाही म्हणून नोंदला जात नाही. काही मृत्यू 'हेतू अनिश्चित' या रकान्यात जातात, काही अपघाताच्या रकान्यात. नोंदवही भरणाऱ्याच्या मनातील ग्रह अशा रीतीने आकड्यांत उतरतो. शासकीय नोंदींशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

वास्तविक घंटा महासाथीपूर्वीच वाजली होती. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकन संसदेतील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने प्रतिनिधी बॉनी वॉटसन कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक कृतिगट नेमला. त्याचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांखालील कृष्णवर्णीय मुलांमध्ये आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या गौरवर्णीय मुलांच्या दुप्पट आहे, ही त्यातील धक्का देणारी गोष्ट. प्रौढांमधील कमी दराच्या आडोशाला बालकांमधील हा फरक वर्षानुवर्षे दडून राहिला होता. शिक्षकांनी लक्षात घ्यावा असा आणखी एक मुद्दा त्या अहवालात होता: या मुलांचे नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही, ते चिडचिडीतून, भांडणातून, पोटदुखी-डोकेदुखीच्या तक्रारींतून प्रकट होते. परिणामी मुलाला समुपदेशकाकडे पाठविण्याऐवजी शाळेतून निलंबित केले जाते. अहवाल हाती पडून जेमतेम तीन महिने होतात तोच शाळा बंद झाल्या. ज्या अमेरिकन मुलांना मानसिक उपचार मिळत होते, त्यांतील पुष्कळांना ते शाळेतच मिळत असत. तेही दार मिटले.

एकामागून एक

महासाथ सर्वांवर आली, पण सर्वांवर सारखी आली नाही. बसचालक, रुग्णालयातील सेवक, किराणा दुकानातील आणि मांस कारखान्यातील कामगार यांना घरी बसून काम करता येत नव्हते, आणि या कामांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. ज्यांची कामे सुटली त्यांना ती परत मिळण्यासही वेळ लागला. ऑगस्ट २०२० मध्ये गौरवर्णीयांतील बेकारी ७.३ टक्क्यांवर उतरली असताना कृष्णवर्णीयांची १३ टक्के होती.

मृत्यूंचा हिशेब याहून कठोर आहे. २०१९ आणि २०२० या एका वर्षाच्या अंतरात, प्राथमिक अंदाजानुसार, गौरवर्णीय अमेरिकनांचे सरासरी आयुर्मान १.२ वर्षांनी घटले, कृष्णवर्णीयांचे २.९ वर्षांनी. एप्रिल २०२० ते जून २०२१ या काळात अमेरिकेत एक लाख चाळीस हजारांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावले. गौरवर्णीय मुलांत हे प्रमाण ७५३ मध्ये एक होते, कृष्णवर्णीय मुलांत ३१० मध्ये एक, आणि मूळ रहिवासी जमातींत १६८ मध्ये एक.

या आकड्यांमागील घरांची कल्पना केली पाहिजे. कृष्णवर्णीय समाजात अंत्यविधी हा मोठा सामुदायिक प्रसंग असतो. गावभरचे आप्त जमतात, भजने होतात, मृताच्या आठवणी मोठ्याने सांगितल्या जातात, रडता रडता हसणेही होते, आणि नंतर सर्वजण एकत्र जेवतात. २०२० च्या वसंतात अनेक ठिकाणी दहा माणसांच्या वर जमण्यास बंदी होती. वडिलांना रुग्णालयाच्या दारात सोडले ते शेवटचे, पुढचा निरोप दूरध्वनीच्या पडद्यावर, आणि दफनाच्या वेळी मोटारीतून न उतरता दुरून पाहणे, असे असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आले. रविवारचे चर्चही बंद होते. ज्या समाजाचा शोक शतकानुशतके चारजणांच्या खांद्यावर वाहिला गेला, त्याला तो प्रथमच एकट्याने वाहावा लागला. आपल्याकडेही दहावे-तेरावे न होता अनेक घरांत दुःख तसेच साचून राहिले, याची आठवण येथे अनेकांना होईल.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि त्याचे चित्रण जगाने पाहिले. त्यानंतर कृष्णवर्णीयांमधील चिंता व नैराश्याची लक्षणे वाढल्याचे जनगणना विभागाच्या पाहणीत दिसून आले. मात्र मेरीलँडमधील तो दुपटीचा काळ ७ मे रोजी संपतो, म्हणजे या घटनेपूर्वी अडीच आठवडे. एकाच ठळक घटनेवर सारे खापर फोडणे सोपे असते. येथे ते तारखांनाच मान्य नाही.

दवाखान्याचा उंबरठा

इतके झाल्यावर हे लोक डॉक्टरांकडे का गेले नाहीत? खर्च हे एक कारण, विमा नसणे हे दुसरे. पण तिसरे कारण जुने आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय बाकीची दोन दूर करूनही उपयोग होत नाही.

इ. स. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टराने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामाला एक मानसिक रोग झालेला असतो असे प्रतिपादन केले आणि त्या रोगाला 'ड्रेपेटोमॅनिया' असे भारदस्त नावही दिले. स्वातंत्र्याची इच्छा हाच रोग ठरला! पुढे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील टस्कीगी येथे शासकीय आरोग्य सेवेने सुमारे चारशे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचाराविना ठेवले. रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल १९९७ मध्ये क्षमा मागितली. खुद्द बाल्टिमोरमध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातील पेशी तिच्या संमतीविना घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढविल्या गेल्या. या गोष्टी त्या समाजाने पुस्तकांत वाचलेल्या नाहीत. आजीने नातवाला सांगितलेल्या आहेत.

त्यातही मनाच्या डॉक्टरांपुढे मन उघडावे लागते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आणि मानसशास्त्रज्ञांत चारच्या आसपास सांगितले जाते. समोरचा मनुष्य आपले घर, आपली भाषा, आपला राग ओळखील काय, ही शंका रुग्ण उंबरठ्यावरूनच घेऊन येतो, किंवा उंबरठ्यावरूनच परत जातो.

न्हाव्याची खुर्ची

ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच शिकवावे, असा विचार त्यातून पुढे आला. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे लॉरेन्झो लुईस यांनी सुरू केलेल्या 'कन्फेस प्रोजेक्ट' या संस्थेने न्हाव्यांना हाताशी धरले. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत केशकर्तनालय हे पुरुषांचे बसण्याउठण्याचे ठिकाण असते. तोच न्हावी वर्षानुवर्षे त्याच माणसाचे केस कापतो. माणूस खुर्चीत अर्धा तास स्वस्थ बसतो आणि बोलतो. त्याचे बोलणे शांतपणे ऐकावे, त्याच्या त्रासाला नावे ठेवू नयेत, आणि गरज दिसली तर योग्य ठिकाणी पोहोचवावे, एवढेच न्हाव्यांना शिकविले जाते. न्हाव्याला डॉक्टर बनविण्याचा हा खटाटोप नव्हे. ज्याच्याजवळ माणूस आपणहून बोलतो त्याला काय ऐकावे हे कळावे, इतकाच त्याचा आवाका. आणि म्हणूनच तो टिकला असावा.

चर्चमधील धर्मोपदेशकांचेही असेच झाले. 'प्रार्थनेने सारे बरे होते' असे सांगणारे पुष्कळ होते व आहेत. पण प्रार्थनाही करा आणि उपचारही घ्या, असे व्यासपीठावरून सांगणारे पुढे आले, तेव्हा लोकांनी त्यांचे ऐकले. कादंबरीकार बेबी मूर कॅम्पबेल यांनी आपल्या समाजातील मनोविकारांविषयी उघडपणे लिहिले, पालकांना संघटित केले. त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये अमेरिकन संसदेने जुलै हा अल्पसंख्याकांच्या मानसिक स्वास्थ्याच्या जागृतीचा महिना म्हणून त्यांच्या नावे मान्य केला. १६ जुलै २०२२ पासून संकटसमयीच्या साहाय्यासाठी ९८८ हा तीन अंकी दूरध्वनी क्रमांक देशभर सुरू झाला. पूर्वीचा क्रमांक दहा अंकी होता. ज्याचे भान हरपले आहे त्याच्याकडून दहा अंक आठवण्याची अपेक्षा कोणी व कशी केली असेल, हे एक कोडेच आहे.

आपली नोंदवही

मेरीलँडचा धडा आकडे वेगळे लावण्याचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार भारतात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि २०२० मध्ये १,५३,०५२. येथे बेरीजच वाढलेली होती. पण व्यवसायाचा तक्ता उघडला की रोजंदारीवरील माणूस दिसतो: ३२,५६३ वरून ३७,६६६, आणि २०२१ मध्ये ४२,००४. देशातील दर चार मृतांमागे एक. महाराष्ट्रात २०२० मध्ये १९,९०९ आत्महत्यांची नोंद झाली; राज्यांमध्ये हा आकडा सर्वाधिक होता. गावपातळीवर मात्र तक्त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्या वस्तीत, कोणत्या तांड्यावर, कोणत्या पाड्यावर महासाथीत कर्ता मनुष्य गेला आणि त्या घरातील मूल शाळेत गप्प बसते किंवा विनाकारण मारामारी करते, हे ग्रामपंचायतीला आणि शिक्षकाला जिल्ह्याच्या आधी कळते.

दोन गैरसमज मात्र आडवे येतात. पहिला असा, की आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात भरेल. अभ्यासकांचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. 'जगणे नकोसे वाटते का? जीव देण्याचे मनात येते का?' असे आस्थेने आणि स्पष्ट शब्दांत विचारल्याने मनुष्य मोकळा होतो. बहुधा कोणीतरी विचारावे याचीच तो वाट पाहत असतो. दुसरा गैरसमज पोलीस केसचा. या भीतीने प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला घरातच दडविले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ अन्वये अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नास सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ उरलेलेच नाही.

विचारल्यावर उत्तर 'होय' असे आले, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. घरातील घातक वस्तू कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी. उपदेश टाळावा, तुलना टाळावी, आणि कोणीतरी सोबत जाऊन प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यास शुल्क नाही, आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानात, आणि गावातील केशकर्तनालयाच्या आरशाशेजारी लिहिता येईल.